आत्याच्या खांद्यावर

जेसल पार्कच्या दवाखान्यात लेकीला लस टोचायला नेलं की तिथल्या स्पिरिटच्या वासाने मला मुर्धा गावची आत्या आठवते.

मी सात वर्षांची असताना आईबाबा एका गुरूंच्या पंथात होते. तिथे मुलांना शाळा नव्हती आणि औषध घेणं पाप होतं. माझा ताप उतरत नव्हता, उशाशी नुसता जप चालला होता. बाबांची थोरली बहीण आली, तिने माझ्या कपाळाला हात लावला आणि मला उचलू लागली.

"पोर माझी हाय ताई. काय करायचं ते मी ठरवीन," बाबा म्हणाले.

"पोर तुझी हाय, पन जीव तिचा हाय," आत्या म्हणाली.

मला खांद्यावर घेऊन ती मिठागराच्या बांधावरून दवाखान्याकडे झपाझप चालू लागली. तिच्या पातळाला सुक्या मासळीचा वास होता. पाप लागेल म्हणून मी रडत होते आणि ती माझी पाठ थोपटत होती.

मी बरी झाले. बाबांनी मात्र तिला पुन्हा घरात येऊ दिलं नाही. मोठेपणी पंथ सोडून मी तिच्या दारी गेले, तोवर ती राहिली नव्हती.

तेव्हा वाटलं होतं, ही मला देवापासून दूर नेतेय. आज वाटतं, तिच्या खांद्यावरून जाताना दवाखाना अजून थोडा लांब असायला हवा होता.