गाढवाच्या बाजूची पट्टी

विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचं कुलूप उघडलं की खळमामा आधी दिवे लावत नसत. खळीच्या डब्यात तर्जनी बुडवत, अंगठ्यावर घासत आणि डोळे मिटून दोन्ही बोटं हळूच विलग करत. मध्ये तार आली की दिवस चांगला. नाही आली तर म्हणत, "आज कायदा बदलू नये म्हणजे मिळवली."

कायदे मात्र बदलतच. सरकार कलम बदलतं, प्रकाशक नव्या मजकुराची कागदी पट्टी पाठवतो आणि ती पुस्तकात जुन्या मजकुरावर चिकटवायची, हे मामांचं एकतीस वर्षांचं काम. हुद्दा शिपायाचा, शिक्षण दहावी, तीही दुसऱ्या खेपेला. पण चिकटवण्याआधी प्रत्येक पट्टी ते ओठ हलवत वाचत. घरी बायको म्हणे, "साऱ्या जगाचे कायदे चिकटवता आणि माझ्या कपाटाची फळी चार महिने लोंबतेय."

"कपाटाला अजून दुरुस्ती लागू झालेली नाही," असं म्हणून मामा ताट पुढे ओढत.

पट्टी ते एकाच कडेने चिकटवत. दारासारखी उघडली की खालचं जुनं कलमही दिसे. नव्या ग्रंथपाल बाईंना हे फडफडणं खपेना. चारही कडा चिकटवा, असा त्यांनी लेखी आदेशच काढला.

"बाई, काही पट्ट्यांवर मागेही मजकूर असतो."

"मागे प्रकाशकाची जाहिरात असते, मामा."

बहुतेक वेळा असायचीही. मामांनी मान डोलावली आणि त्या दिवसापासून खळीत दोन चमचे पाणी जास्त घालू लागले.

पुढे तिसऱ्या वर्षाची एक मुलगी आणि तिचा दाढीवाला मित्र रोज दुपारी येऊन बसू लागले. जनावरांसाठी लढणाऱ्या एका वकीलबाईंना ते हौसेने कलमं आणि निवाडे शोधून देत. मुलगी इतके प्रश्न विचारी की मामांनी तिचं नाव प्रश्नपत्रिका ठेवलं होतं.

"कुणासाठी चाललाय हा खटाटोप?" मामांनी एकदा विचारलं.

"एका गाढवासाठी."

"एकतीस वर्षं गाढवांसाठीच पुस्तकं काढतोय, पण असं कबूल करून कुणी मागितलं नव्हतं."

गाढव विटा वाहायचं. पाठीवर तळहाताएवढी जखम घेऊन वाहायचं, म्हणून ते जप्त होऊन जनावरांच्या निवाऱ्यात आलं होतं. दर रविवारी ती जखम मुलगी स्वतः धुवायची. पहिल्या रविवारी त्याने तिला लाथ मारली, तिसऱ्या रविवारी नुसतं बघितलं. आता मालकाने ते परत मागितलं होतं आणि त्यावर गुरुवारी अकराला न्यायाधीश निर्णय देणार होते.

बुधवारी दुपारी दीडला मुलगी उघड्या पुस्तकावर कपाळ टेकून बसली.

"काय गं, पेपर अवघड गेला?"

"कलमच बदललंय, मामा. आधी खटला संपेपर्यंत जनावर निवाऱ्यात राहायचं. आता मालकाने हमीपत्र दिलं की परत द्यायचं."

"आणि पडताळून बघावं तर सरकारी संकेतस्थळ तीन दिवस 'काम चालू आहे' एवढंच सांगतंय," दाढीवाला म्हणाला. "वकीलबाईंना कळवून टाकू, हरलो म्हणून."

मामांनी पान पाहिलं. ही पट्टी त्यांनीच चिकटवली होती, आदेशाबरहुकूम, चारही कडांनी. त्याआधी वाचलीही होती. तिच्या मागे जाहिरात नव्हती.

नुसतं सांगावं, तर शिपायाच्या शब्दावर कोर्ट हलत नाही. उचकटावी, तर पुस्तकाची नासधूस, आणि निवृत्तीला पाच महिने उरलेले. ग्रंथपाल बाई डबा खायला गेल्या होत्या. त्यांचं जेवण मोजून पंचवीस मिनिटांचं.

"दाढी, दारात उभा राहा. बाई दिसल्या की खोक."

"किती वेळा?"

"डॉक्टर बोलवावासा वाटेल इतकं."

मामांनी कपाटामागून विजेची किटली काढली. अशी काही वस्तू इथे नाही, असं त्यांनी बाईंना आजवर दोनदा सांगितलं होतं.

"मामा, इथे पाण्याची बाटलीसुद्धा चालत नाही!"

"पाणी चालत नाही. वाफेबद्दल पाटीवर काही लिहिलंय? कायदा तू शिकतेस ना?"

किटलीच्या तोंडाशी पान धरलं. दोन चमचे पाण्याची खळ शहाण्यासारखी सुटली. मामांनी नखाने कोपरा उचलला, पट्टी अलगद उलटली आणि मुलगी वाचू लागली, "परंतु, जनावर कामास अपात्र असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला असल्यास, ते बरे होईपर्यंत आणि मालकाने निवाऱ्याची सोय दाखवेपर्यंत परत देऊ नये."

दाखला तर पहिल्या दिवसापासून फाइलमध्ये होता. मुलीने मामांचा खळीने माखलेला हातच धरला. तेवढ्यात दारात दाढीवाला फुप्फुसं फाटेस्तोवर खोकला.

किटली टेबलाखाली गेली. बाई आल्या, वाकून पाहू लागल्या. "हे पान ओलं कसं?"

"ही रडली, बाई. गाढवासाठी."

मुलीने चटकन नाक ओढलं.

"वकील होणाऱ्या मुलीने इतकं हळवं असू नये," बाई म्हणाल्या आणि स्वतःचा रुमाल तिला दिला. मग मुलीने पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या छायाप्रती काढून आणल्या, तेव्हा त्यांवर ग्रंथालयाचा शिक्काही त्यांनीच मारला. दुसरी बाजू आली कुठून, हे त्यांनी विचारलं नाही. किटलीला मात्र पाय चुकूनच लागल्यासारखा लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला मुलगी जिन्यावरूनच ओरडत आली.

"मामा, नाही दिलं! जखम भरेपर्यंत ते निवाऱ्यातच!"

"ग्रंथालयात शांतता," मामा म्हणाले. मग हळूच विचारलं, "मालक काय म्हणाला?"

"आधी चिडला. मग म्हणाला, छप्पर बांधतो."

"बांधू दे."

"आता एक घोडा आलाय, मामा. आणि सव्वीस कोंबड्या."

मामांनी तिच्याकडे पाहिलं, मग लांबलचक कपाटांकडे.

"मग उद्या साडेदहाच्या आत या. पंख्याखालचं टेबल पहिल्या वर्षाची पोरं अडवून बसतात."