माहेरचा रकाना

निवृत्त पोलीस अधिकारी भेटला की लोक हमखास विचारतात, "साहेब, सगळ्यात अवघड केस कुठली?" त्यांना खून, दरोडा, पाठलाग असलं काहीतरी ऐकायचं असतं. मी त्यांना हवं ते सांगतो आणि चहा पितो. पण एकटा बसलो की मला आठवतं ते एक पार्सल. त्यात हत्यार नव्हतं, चिठ्ठी नव्हती. साडी होती. त्या प्रकरणात मला कुठे गोळी लागली नाही की बढती मिळाली नाही. तरी ते डोक्यातून जात नाही. यातल्या कुणाचंही नाव मी देणार नाही, कारण त्यातली एक मुलगी अजूनही कुणाला सापडू नये अशी माझी इच्छा आहे.

नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. दुसऱ्या दिवशी चतुर्थी, म्हणजे ओझरला गर्दी, म्हणजे बंदोबस्त. निम्मे कर्मचारी आधीच कुठे कुठे वाटून दिलेले. मी ड्यूटी वाटपाच्या कागदात डोकं घालून बसलो होतो, तेवढ्यात हवालदार आत आला आणि हसत म्हणाला, "साहेब, दोन बाया आल्यात. साडी आली म्हणून तक्रार द्यायचीय. आमच्या घरात साडी न्हाई आली की तक्रार व्हती."

मी त्या दोघींना आत बोलावलं. पुढे होती ती पन्नाशीची, वारूळवाडीची, शेतकरी घरातली. तिला सगळेच ताई म्हणायचे, मीही तेच म्हणतो. तिच्यामागे तिशीच्या आतली एक मुलगी, छातीशी पार्सल धरून उभी. बसा म्हटलं तरी ती बसली नाही. इतक्या वर्षांत एक गोष्ट कळली होती. ज्याला खरंच भीती वाटते तो खुर्चीवर बसत नाही, दाराकडे बघत उभा राहतो.

बोलली ती ताईच. गोधड्या शिवणाऱ्या बायकांचा मोबाईलवर एक मोठा ग्रुप होता. जुन्नर-आंबेगावातल्या बायका शिवायच्या आणि पुण्या-मुंबईच्या, अगदी परदेशातल्या बायका आईच्या, आजीच्या जुन्या साड्या पाठवून गोधडी करून घ्यायच्या. फोटो टाकायचे, कौतुक करायचं, टाके कुणाचे बारीक यावर गोड भांडायचं. या सगळ्यांची नावं, गावं आणि फोन नंबर ताई सांभाळायची. सुनेने तिला मोबाईलवर तक्ता करून दिला होता. काम सोपं नव्हतं. बायकांचे नंबर सारखे बदलतात. कुणाचा फोन नवऱ्याकडे, कुणाचा पोराकडे, कुणी रिचार्ज संपलं म्हणून महिनाभर गायब. ताई एकेकीला फोन करून खात्री करायची आणि तक्ता ताजा ठेवायची. गिऱ्हाईक आलं की तिच्याकडे चौकशी करायचं, आणि माणूस बरं वाटलं तर ती नंबर द्यायची.

त्या तक्त्यात नाव, गाव, फोन, टाक्याचा प्रकार एवढं होतंच. शिवाय एक रकाना होता माहेरचा. आपल्याकडे बाईला पहिला प्रश्न तोच असतो. ताई मला समजावत म्हणाली, "साहेब, माहेर कळल्याबिगर बाई कोन ते कळतंच न्हाई. आन बायका काम देताना बी इचारत्यात, आमच्या गावची लेक हाय का कुनी? गावच्या लेकीला दिलं की बरं वाटतं."

ही मुलगी ओझरला एक खोली घेऊन एकटी राहत होती. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून निघून आलेली. सासर शिरूरकडचं, माहेर लोणीच्या बाजूचं. फोन नंबर नवा घेतला होता, आडनाव लावत नव्हती. माहेरीही कळवलं नव्हतं, कारण आधी दोनदा माहेरी गेली आणि दोन्ही वेळा तिला समजूत घालून परत पाठवलं होतं. ताईला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. ताईने गप्पांत माहेर विचारलं, हिच्या तोंडून निघून गेलं, आणि ताईने ते लिहिलं. मग आठवड्यापूर्वी एका बाईचा ताईला फोन आला. आमच्या लोणीकडची कुणी लेक आहे का, तिलाच गोधडी करायला द्यायची आहे. ताईने आनंदाने नंबर दिला, आणि पार्सल पाठवायला पत्ताही दिला.

"उघडा," मी त्या मुलीला म्हणालो.

तिने टेबलावर कागद सोडला. आत लग्नाचा शालू होता. वरची घडी अगदी नीट, इस्त्री केल्यासारखी. तिने ती घडी उलगडली तेव्हा हवालदाराचं हसू गेलं. आतला पदर उभा चिरलेला होता. एकसारख्या पट्ट्या, धारदार पात्याने, सावकाश केलेल्या. रागाने फाडलेलं कापड वेगळं दिसतं. हे काम कुणीतरी बसून, वेळ घेऊन केलं होतं आणि पुन्हा घडी घातली होती.

"माझाच हाय," ती पहिल्यांदा बोलली. "सासरी कपाटात राहिला व्हता. निघाले तवा नवरा म्हनला व्हता, जाशील तिथं येईन."

आता कायद्याने याला काय म्हणायचं? बायकोला तिचाच शालू पाठवला. नवऱ्याच्या वकिलाने कोर्टात हसून घेतलं असतं. आधी मी स्टेशन डायरीत नोंद करायला लावली, शालूचा पंचनामा करून ताब्यात घेतला आणि त्या मुलीला सांगितलं, आजपासून खोलीवर जायचं नाही. ताई लगेच म्हणाली, "माझ्या घरी राहील." आणि मग रडायलाच लागली. "मीच दिला वो पत्ता. ह्या माझ्या हातानं दिला." मी तिला रडू दिलं. रडणाऱ्या माणसाला गप्प करायला गेलं की तो खोटं तरी बोलतो नाहीतर काहीच बोलत नाही.

फोन करणारीचा नंबर बंद होता. पार्सल नारायणगावच्या एका कुरिअरच्या दुकानातून आलं होतं. त्यांच्याकडचं सीसीटीव्ही फुटेज संध्याकाळपर्यंत मिळालं. काउंटरवर नऊवारीतली एक म्हातारी, पार्सल दोन्ही हातांनी पुढे करणारी. मागे काचेबाहेर मोटारसायकलवर एक माणूस, हेल्मेट न काढलेला. मुलीने स्क्रीनकडे वाकून पाहिलं. मला वाटलं ती नवऱ्याला ओळखेल. तिने म्हातारीवर बोट ठेवलं.

"ही माझी आई."

डोळ्यात पाणी नव्हतं. ताईने तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिने तो हळूच बाजूला केला.

सकाळी एक पथक नवऱ्याच्या गावी पाठवलं आणि एक माहेरी. नवरा पहाटेच भाड्याची गाडी घेऊन गेल्याचं शेजाऱ्यांनी सांगितलं. फोन बंद. माहेरी आईही नव्हती. घरातली सून म्हणाली, सासूबाई ओझरला गेल्यात दर्शनाला. मी बंदोबस्तावरच्या पोरांना म्हातारीचा फोटो पाठवला. गर्दीत अशा शंभर म्हाताऱ्या असतात, पण आमच्या एका महिला शिपायाला ती सापडली. देवळाच्या आवारात सावलीला बसली होती. मुलीच्या खोलीला कुलूप बघून परत आली होती आणि लेक दर्शनाला येईल म्हणून वाट बघत होती. पिशवीत नारळ होता, पेढे होते आणि कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या होत्या.

तिला बंदोबस्ताच्या चौकीत आणलं. चहा दिला. मी दटावणार नव्हतो. साठीच्या बाईला दटावून काही मिळत नाही, ती उलट देवाचं नाव घेत बसते.

"लेकीला कसं शोधलंत, आजी?"

ती उलट खुलली. सुनेच्या मोबाईलवर गोधड्यांचे फोटो येत होते. एका गोधडीच्या चारी कोपऱ्यांत तिच्या सासूने तिला शिकवलेले आणि तिने लेकीला शिकवलेले टाके दिसले. "म्या वळखलं लगीच. आमच्या घरातलाच हात त्यो. दुसरं कोन घालतंय तसं?" मग तिने जावयाला कळवलं, सुनेकडून ताईचा नंबर घेतला आणि जावयाने दिलेल्या फोनवरून बोलली. लोणीकडची लेक म्हणून एकच नाव निघालं.

"आणि शालू?"

"जावयानं दिला. म्हनला, आई, ह्यो पाठवा, तिला लगीन आठवंल, राग जाईल. लई रडला वो साहेब माझ्यापुढं. चुकलं म्हनला. मानूस चुकतो की."

"तुम्ही उघडून पाहिला नाही?"

"जावयानं दिलेली वस्तू. घडी कशी मोडू?"

"जावई आता कुठे आहेत?"

इथे तिने पदर तोंडावर घेतला. नवरा-बायकोचं आहे, पोलीस कशाला, तुम्ही मधे पडू नका, आमचं आम्ही बघू. लेकीचं घर मोडू देणार नाही. हेच ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. महिला शिपायाने विचारलं, मी विचारलं. बाहेर भक्तांची रांग, लाउडस्पीकर, चपलांचा ढीग, आणि कुठेतरी तो माणूस गाडी घेऊन उभा. माझा धीर सुटत चालला होता.

मग मी शालू मागवला. तिच्यासमोर ठेवला आणि म्हणालो, "आजी, घडी तुम्हीच मोडा."

तिने आधी हात मागे घेतला. मग शिवणाऱ्या बाईचा हात असतो तसा तो कापडावर फिरला, कडेला गेला आणि आत शिरला. पट्ट्या तिच्या बोटांत अडकल्या. तिने एक उचलली, दुसरी उचलली. कापलेली कड बोटाने चाचपून पाहिली. कापड कसं फाटतं आणि कसं कापलं जातं हे तिला मी सांगायची गरज नव्हती.

"धरणाकडं," ती म्हणाली. "लेकीला घिऊन धरणाच्या बाजूला ये म्हनला व्हता. गाडीत बसून बोलू म्हनला. लोकांत नगं म्हनला."

धरण ओझरजवळच, आमची गाडी लगेच गेली. तो रस्त्याच्या आडबाजूला थांबलेला सापडला. पळाला नाही. उलट "काय साहेब, काय झालं?" म्हणून हसत पुढे आला. डिकीत कोयता होता. शेतकऱ्याच्या गाडीत कोयता असतोच, असं त्याचं म्हणणं. खरं आहे, असतो. पण गाडी भाड्याची होती आणि कोयत्याच्या मुठीवरचा दुकानातला कागदही अजून निघाला नव्हता.

गुन्हा दाखल झाला, प्रतिबंधक कारवाई झाली, मुलीला कोर्टाकडून संरक्षणाचा आदेश मिळाला. तो काही काळ आत राहिला आणि जामिनावर बाहेर आला. असंच होतं. लोकांना वाटतं बेड्या पडल्या की गोष्ट संपते. आमच्यासाठी तिथून तारखा सुरू होतात आणि त्या मुलीसाठी नवी खोली, नवं गाव, नवा नंबर. ती दूर गेली. कुठे ते तीन-चार माणसांनाच माहीत आहे आणि त्यात मी एक आहे.

ताईने तर ग्रुप बंद करायचं ठरवलं होतं. मी तिला थांबवलं. त्या नंबरांवर कित्येक घरांत काम जात होतं. तिने तक्त्यातलं माहेर पुसलं, गाव पुसलं. आता गिऱ्हाईक ताईला फोन करतं, ताई शिवणारीला विचारते आणि ती हो म्हणाली तरच पुढे. बायका कुरकुरल्या, आमच्या गावची लेक कशी कळणार म्हणून. ताई म्हणाली, "न्हाई कळली तर न्हाई कळली."

या केसने मला काय शिकवलं असं विचाराल तर उत्तर आनंदाचं नाही. लपलेल्या माणसाचा पत्ता शत्रूकडून क्वचित फुटतो. तो फुटतो मायेच्या माणसाकडून, ज्याला वाटत असतं आपण भलंच करतोय. अशा माणसावर कुठलं कलम लावायचं? त्या म्हातारीवर मी काही लावलं नाही. तिचा साक्षीदार म्हणून जबाब घेतला. तिने त्यावर अंगठा दिला.

निवृत्तीनंतर एकदा नारायणगावच्या बाजारात ती मला भेटली. भाजीची पिशवी खाली ठेवून वाकून नमस्कार केला. मी कसे आहात विचारलं. तिने तिकडे लक्षच दिलं नाही.

"साहेब, एक नंबर तेवढा द्या. न्हाई बोलनार मी. तिनं हॅलो म्हनलं की ठिवून दीन."

नंबर माझ्या खिशातल्या फोनमध्ये होता. ती माझ्या खिशाकडेच बघत होती, कारण तो तिथे असणार हे तिला ठाऊक होतं. मला तिची दया आली, खूप आली. तिच्या घरी जावई अजून येतो का, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण विचारून उपयोग नव्हता. ती नाही म्हणाली असती आणि माझा विश्वास बसला नसता.

"माझ्याकडे नाही, आजी," मी म्हणालो.

तिने मान डोलावली. पिशवी उचलली आणि दोन पावलं जाऊन परत वळली. "असू द्या," ती म्हणाली, "मलाबी देऊ नगा. म्या सांगून टाकीन."