पास असूनही तिकीट

कपाट आवरताना वडिलांचा बसपास सापडला. प्लॅस्टिकच्या पाकिटाला अजून तपकिरीचा वास होता. मांजरी गावाला जाणारी आमची बस तोट्यात आहे, बंद होणार, असं कळल्यापासून ते खिशात पास असूनही रोज तिकीट काढायचे. पासवाले कितीही बसले तरी मार्गाचं उत्पन्न वाढत नाही, असं त्यांचं म्हणणं. तेवढ्यानं बस वाचत नसते, हे त्यांना कोण सांगणार? बसच्या शेवटच्या दिवशीही तापलेल्या रेक्झिनच्या सीटवर बसून त्यांनी पैसे पुढे केले. कंडक्टर म्हणाला, "काका, आज तरी पास दाखवा." वडिलांनी दाखवला. कंडक्टरनं तो उगाचच नीट पाहिला आणि पुढे गेला. हल्ली मी त्या बसच्या जुन्या थांब्यावरूनच कॅब बोलावते. ॲपमध्ये पत्ता म्हणून बसथांबाच लिहावा लागतो.