लाल गाडीला व्हॅनचा अल्टरनेटर

लाल गाडीच्या ट्रायलला दादानं रफिकला शेजारी का बसवलं? मला का न्हाई?

हा सवाल मी दादाला विचारला. तो म्हणाला, "पाना दे." रफिकला विचारला. तो म्हणाला, "चाय सांगू का?" वहिनीला विचारला. ती म्हणाली, "हात धुवा अन् जेवायला बसा." समोरच्या हॉटेलवाल्या केशवअण्णालासुद्धा विचारून पाहिलं. त्यानं नुसतं दूध ढवळलं.

गॅरेजवर किस्से कसे साठतात, ठाऊक आहे? गाडी खोलून परत जोडली की एखादा नट उरतो. कुठला, ते कुणाला कळत नाही. गाडी तर चालू झालेली असते! मग तो नट डब्यात टाकायचा. वर्षभरात डबा भरतो. दादा गेल्यावर मी आमचा डबा पालथा केला, त्यातले हे चार-सहा नट.

अंबडला जालना रोडवर आमचं पत्र्याचं दुकान. बॅटरी, लाइट, सेल्फ, डायनॅमो, म्हणजे गाडीतलं विजेचं सगळं काम. अंकुशनगरकडं उसाचा सीझन सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रक दारात रांग लावायचे. दादा उस्ताद. रफिक त्याचा शाळेपासूनचा दोस्त, दुकानात बरोबरीचा. आणि मी दादाचा सख्खा भाऊ. सख्खा मी होतो, हे लोकांना सांगावं लागायचं!

दादाची एक सवय होती. दुरुस्त झालेली गाडी दारातून निघाली की तिच्या टपावर हातानं दोन थापा मारायचा. ट्रॅक्टरला टप नसतो, तर मडगार्डवर. म्हणजे, जा आता, काही होत नाही तुला. रोडवर पोचलेली गाडीसुद्धा त्या दोन थापांसाठी थांबायची.

*

दादा बॉनेटखाली वाकला की मागं न बघता हात पुढं करायचा. काय पाहिजे ते बोलायचा नाही. आपण ओळखायचं.

एकदा मी बारा-तेराचा पाना दिला.

"हा न्हाई."

मी पाना खाली ठेवला. रफिकनं तोच पाना उचलला अन् दादाच्या हातात दिला. दादानं घेतला, नट फिरवला, काम झालं!

मी ओरडलो, "दादा, तोच पाना आहे तो!"

दादा आतूनच म्हणाला, "मंग आधी का न्हाई दिला?"

*

दादा अन् रफिक एक चहा दोघांत घ्यायचे. कप दादाला, बशी रफिकला. मला मात्र अख्खा कप वेगळा यायचा. रोज. चार वर्षं मी गप बसलो. एक दिवस डोकं फिरलं अन् केशवअण्णाच्या टेबलावर कप आपटला.

"मला अख्खा का? मी काय गिऱ्हाईक आहे?"

हॉटेलातली सगळी माणसं वळून बघायला लागली. केशवअण्णानं फडकं खांद्यावर टाकलं अन् म्हणाला, "एवढी वर्षं हॉटेल चालवून राह्यलो. लोक अर्ध्याचा अख्खा करून मागतेत. अख्ख्याचा अर्धा करा म्हणून भांडणारा हा पयलाच!"

सगळे हसले. रफिक जोरात हसला. मला वाटलं, याला बशीत बुडवावं.

*

आता माझ्या स्टाइलचा किस्सा. चालू गाडीत बॅटरीचं चार्जिंग होतंय की नाही, हे बघायला लोक मीटर लावतात. माझी पद्धत वेगळी होती. इंजिन चालू ठेवायचं अन् बॅटरीचं टर्मिनल उपसून काढायचं. इंजिन चालूच राहिलं तर चार्जिंग ठीक, बंद पडलं तर खराब. बघणाऱ्याला जादूच वाटायची.

अंतरवाली सराटीचे एक आजोबा ट्रॅक्टर घेऊन आल्ते. मी टर्मिनल उपसलं. ट्रॅक्टर धडधडत राहिला. आजोबा बोलले, "वा रे पठ्ठ्या! बॅटरी काढली तरी चालूच!"

मी छाती फुगवून दादाकडं पाहिलं. दादा म्हणाला, "डिझेल इंजिन आहे ते. बॅटरी घरी ठिवून आले तरी चालंल."

मग जवळ येऊन हळूच बोलला, "पेट्रोलच्या गाडीला असलं करू नको बरं का. त्यातबी अल्टरनेटर असला तर बिलकुल न्हाई. जळतो."

हे रफिकनं ऐकलं होतं. म्हणून मला ते आणखीच लागलं. दादाचं मी ऐकलं, पण धरलं नाही.

*

मग ती लाल गाडी आली. मोबाइल अजून अंबडला पोचले नव्हते तेव्हाची गोष्ट. जालन्याच्या एका बियाणेवाल्याचा मुलगा, त्याला सगळे छोटे शेठ म्हणायचे. त्यानं मुंबईहून जुनी जपानी स्पोर्ट्स कार आणली होती. दोन दारं, दोनच सीटा, अन् जमिनीला इतकी खेटून की आत बसायला जवळजवळ मांडी घालावी लागायची. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा पेटलेला. म्हणजे अल्टरनेटर, इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग, बॅटरी भरत नव्हता.

पाच मिनिटांत दुकानापुढं पन्नास माणसं. दादा अन् रफिक आत मीटर शोधत होते. इंजिन चालू होतं. बॉनेट उघडं होतं. सगळे माझ्याकडं बघून राह्यले होते.

मी टर्मिनल उपसलं.

डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम भगभगले, हेडलाइट पांढरेशुभ्र झाले, अन् सगळं विझलं. इंजिन बंद. बॉनेटखालून जळका वास आला. गर्दीतलं एक पोरगं बोललं, "मेली."

दादा बाहेर आला. वास घेतला. त्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही. रफिककडं पाहिलं. मग शेठला म्हणाला, "शेठ, माझ्या हातून गेला अल्टरनेटर. माझी जिम्मेदारी."

शेठ भडकला. म्हणाला, "ओरिजिनल पार्ट बाहेरून येतो! दोन महिने लागतील!"

दादा म्हणाला, "दोन महिने गाडी इथं उभी राह्यली तर लोक नारळ फोडतील. मी तीन दिवसांत चालवून देतो."

मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. दादानं शिवीसुद्धा दिली नाही. एकदाही नाही.

*

रफिक जालन्याच्या बाजारातून एक लोकल बनावटीचा अल्टरनेटर घेऊन आला. छोट्या व्हॅनला लागतो तो. ओरिजिनलच्या मानानं मातीमोल.

शेठनं तो हातात घेतला अन् मेलेला उंदीर धरावा तसा लांब धरला. "माझ्या गाडीत व्हॅनचा?"

दादा म्हणाला, "शेठ, बॅटरीला कुठं माहीत आहे ती कोणत्या गाडीत बसलीय?"

शेठनं तो परत रफिकच्या हातात ठेवला.

पण काम सोपं नव्हतं. व्हॅनची पुली वेगळी, पट्टा बसेना. दादानं जळलेल्यावरची पुली काढून नव्यावर चढवली. ब्रॅकेटची भोकं जुळेनात, ती रफिकनं कानस मारून वाढवली. तरी पुली बोटभर आत जायची अन् पट्टा तिरका चालायचा. मधे बसवायला लोखंडाचा एक बुश पाहिजे होता. जाड नळीचा तुकडा म्हणा.

मी म्हणालो, "बुश मी करून आणतो."

लेथवर गेलो. पहिला लांब झाला. पट्टा असा किंचाळला की केशवअण्णाच्या हातातली किटली सुटली. दुसरा आखूड झाला. तिसरा मी स्वतः मशीनवर बसून घासला, दर मिनिटाला माप घेत. तो बसला! पट्टा सरळ, आवाज बंद. चावी फिरवली, इंजिन लागलं अन् लाल दिवा विझला. या वेळी दादानं मीटर लावलं अन् मला बोलावून दाखवलं. काटा बराबर जागेवर.

मी हात धुतले. शर्ट झटकला. केस ओले करून बसवले. ट्रायलला जायचं होतं ना!

दादा स्टिअरिंगवर बसला. मी डावीकडच्या दाराकडं गेलो. दादा आतून म्हणाला, "रफिक, चल."

गाडी निघाली. टपावर थापा मारायला दादा बाहेर नव्हता, म्हणजे त्या मी मारायच्या होत्या. गाडी माझ्यासमोर येऊन क्षणभर थांबलीही. मी हात खिशात घातले.

पाऊण तासानं दोघं आले. हसत! हसून हसून रफिकच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मी विचारलं, "काय झालं?"

"काही न्हाई रे," दोघं एकदम म्हणाले. अन् पुन्हा हसले.

त्या गाडीत माझा बुश फिरून आला. मी फिरलो नाही.

*

त्या दिवशी घरी मी ताटाला हात लावला नाही. वहिनीनं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी सगळं भडाभडा ओकलो. पाना, चहा, गाडी, हसणं, सगळं. रफिकला काय सोनं लागलंय, म्हणालो.

वहिनी भाकरी थापता थापता थांबली. म्हणाली, "हे बघा भाऊजी, त्यांच्याशी लगीन माझं झालंय. जळायचा नंबर आधी माझा. तुम्ही मागं उभं राहा!"

*

पुढचा किस्सा नाही, पण त्याच डब्यातला आहे.

मधे काही वर्षं गेली. दादाच्या छातीत कळ आली ती दुकानातच, दुपारी, चहा यायच्या वेळेला. आम्ही त्याला जीपमध्ये घातलं अन् जालन्याला निघालो. रफिक चालवत होता. दादाचं डोकं माझ्या मांडीवर. या वेळी शेजारी मी होतो. रफिक गाडी उडवत होता. दादानं डोळे उघडले. मी वाकलो, म्हणालो, "बोल दादा."

तो म्हणाला, "रफिक, सावकाश."

तेवढंच. शेवटचं बोलणंसुद्धा त्याच्याशी!

दादाला मुलगा नाही, म्हणून विस्तवाचं मडकं मी धरलं. मडकं धरणाऱ्यानं पुढं चालायचं, मागं वळायचं नाही. त्यामुळं खांदा मला मिळाला नाही. दुकानापासून नदीपर्यंत रफिकनं खांदा बदलू दिला नाही, असं लोक सांगतात. परत आलो तेव्हा लोक आधी त्याच्या गळ्यात पडले, मग माझ्या.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हणालो, "उद्यापासून दुकानात पाय ठेवायचा न्हाई."

तो दुसऱ्या दिवशी नऊ वाजता आला अन् दुकानाबाहेर पडलेल्या ट्रकच्या टायरवर बसला.

मी ओरडलो, "काय सांगितलं होतं?"

तो म्हणाला, "दुकानात कुठं आलो? बाहेर बसलोय."

असा तो चार महिने बसला. केशवअण्णा दोन चहा पाठवायचा. मला अख्खा, त्याला अख्खा. तो अर्धाच प्यायचा, बाकीचा कपात तसाच राहायचा.

*

परवा लाल गाडी परत आली. लाल दिवा पेटलेला. छोटे शेठ उतरले. दादाचं त्यांना कळलं होतं. हात जोडले. मग मागून एक खोकं काढलं. बाहेरून मागवलेला ओरिजिनल अल्टरनेटर, अजून प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही.

म्हणाले, "तो व्हॅनचा काढून टाक आता. हा बसव."

मी बॉनेट उघडलं. ब्रॅकेटवर रफिकच्या कानशीचे ओरखडे तसेच होते. दादानं चढवलेली पुली होती. मधे माझा बुश. तिघांचं काम एका बोल्टात आवळलेलं. मी टर्मिनलला हात लावला नाही. मीटर लावलं, दादानं दाखवलं होतं तसं. आतले ब्रश, म्हणजे कार्बनचे दोन तुकडे, तेवढे झिजले होते.

"खोकं राहू द्या शेठ. ह्याला अजून काही होत न्हाई."

अल्टरनेटर उतरवला, नवे ब्रश टाकले, परत बसवायला वाकलो. बुश जागेवर धरून, न बघता मी हात मागं केला.

हातात पाना आला. बारा-तेराचा.

मी वळून पाहिलं नाही. नट आवळला. गाडी चालू केली. लाल दिवा विझला.

गाडीतून उतरलो तर रफिक हात पुसत उभा होता, दुकानाच्या आत. मी चावी त्याच्यापुढं धरली. "ट्रायल."

त्यानं चावी घेतली अन् सवयीनं डावीकडच्या दाराकडं गेला. दार उघडून थांबला. स्टिअरिंगवर कुणी नव्हतं.

मी म्हणालो, "तिकडून न्हाई, भाई. चालवायच्या बाजूनं बस." भाई मी त्याला कधी म्हणालो नव्हतो.

तो बसला. शेठ मला म्हणाले, "अरे, तूबी जा की!"

"दोनच सीटा आहेत, शेठ."

मी डाव्या दारातून आत वाकलो. रिकाम्या सीटचा बेल्ट ओढला अन् खटकन लावला. रफिक समोर काचेकडं बघत होता.

"जा. दोघं फिरून या."

दार लोटलं. गाडी सरकली, रोडपर्यंत गेली अन् थांबली. मी पळत गेलो अन् टपावर दोन थापा मारल्या.