बाजेखालचे गोल्डफिश

जळगावच्या मे महिन्यात अंगणातल्या जमिनीलगतच्या हौदात गोल्डफिश पाळणं म्हणजे खुळेपणाच, पण मुलीच्या हट्टापुढे माझं काही चाललं नाही. पाणी तापू नये म्हणून हौदावर केळीची पानं पसरली. पानांखाली मासे दिसेनात, आणि दिसले नाहीत की मला वाटे, गेले. मग सारखा पान उचलून बघे.

"तुम्हीच ऊन आत सोडता," बायको म्हणाली. मी ऐकेना. तेव्हा तिने पानं काढून हौदावर बाज टाकली, तिच्यावर धोतर अंथरलं आणि ज्वारीचे ओले बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत घातले. आता बाज हलवायची सोय राहिली नाही.

मी बाजेभोवती येरझारा घालू लागलो. शेजारच्या अक्का कुंपणावरून म्हणाल्या, "भाऊ, बिबडे राखताय का? कावळे तर तुम्हाले पाहूनच पळाले."

शेवटी राहवेना. पालथा पडून मी बाजेखाली कसंबसं डोकं घातलं. सावलीत मासे निवांत फिरत होते. पाठ मात्र माझी भाजत होती.

"बाबा, मासे जिवंत आहेत ना? मग उठा की," मुलगी म्हणाली.

उठणार कसा? डोकं जरा वर केलं असतं, तर बाज कलंडून वर्षभराचे बिबडे माशांच्या अंगावर पडले असते.