दोन बोटांचे अंतर

९ जानेवारी १९४२, सकाळचे सात वाजून वीस मिनिटे. वॉर्डात एका रुग्णाची नाडी मोजत असताना दारात वसंता दिसला. वसंता म्हणजे माझा मामेभाऊ. नागपूरच्या महाल भागातल्या घरून सायकल मारत आला होता आणि टोपी हातात धरून उभा होता. मोजणी अर्धवट टाकायची नाही ही माझी शिस्त. मी मिनिट पूर्ण केले, आकडा लिहिला आणि मगच त्याच्याजवळ गेले. "आई गेली वं," एवढेच तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी कळले की तो आकडा मी भलत्याच रुग्णाच्या तक्त्यावर लिहिला होता...

वैद्यकशाळेत प्रवेश मिळाला तेव्हा वडील मला नागपूरला पाठवायला तयार नव्हते. मामीने त्यांना समोर बसवून घेतले आणि "पोरगी माझ्या घरी राहीन, तुमाले काय त्रास हाये?" असे विचारून विषय संपवला. तिचे हसणे गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू जाई. रोज सकाळी उंबऱ्यापुढे ती ठिपक्यांची रांगोळी घाली. डाव्या हाताची दोन बोटे जमिनीवर टेकवायची, त्यांच्या पलीकडे उजव्या हाताने ठिपका टाकायचा, हे तिचे माप. पुढे तिला बोटे टेकवण्याचीही गरज उरली नव्हती. पट्टी लावली तरी अंतर दीड इंचच भरे, आणि त्याचा मला फार हेवा वाटे.

माझ्या दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला, मी पहिली आले होते. धावत घरी जाऊन मामीला सांगितले. तिने मान वर केली, कोरड्या चेहऱ्याने, पापणीही न लवता माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली. आता हिलाही माझे लग्न हवे आहे, शिक्षण नको, असा निष्कर्ष मी काढला आणि महिन्याभरात वसतिगृहात राहायला गेले. एका लक्षणावरून निदान करू नये, हे त्याच परीक्षेत मी सविस्तर लिहिले होते.

घरात तीच चूक दुसरीही व्यक्ती करत होती. वसंताची बायको इंदू, कुही गावची. तिला दुसरी मुलगी झाली आणि सासू हसेनाशी झाली. इंदूने दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडून टाकल्या. दरम्यान रांगोळीचे ठिपके जवळजवळ येऊ लागले होते. शेजारणी विचारत, "काहून वं मामी, रांगोळी महागली काय?" मामीच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर दिवसभर फिरत, जणू ती फुलवाती वळत आहे. "हातात कापूस तरी घ्या, देवाले कामी येईन," अशी थट्टा होई. वैद्यांनी लकवा म्हणून तेलाचे चोळणे सुरू केले होते. मामा म्हणत, वय झाले. वय बावन्न होते.

एके दिवशी आमच्या सरांनी एका निवृत्त शिपायाला वर्गासमोर बसवले आणि हा लकवा का नव्हे, ते विचारले. उत्तर क्रमाने देता येत होते. लकवा बहुधा एकाएकी येतो, एक बाजू लुळी पाडतो, तोंड वाकडे करतो. हा रोग वर्षानुवर्षे चोरपावलांनी येतो आणि हात लुळा न पडता ताठतो. म्हातारपणाचे थरथरणे कप उचलताना वाढते. याचा हात मांडीवर स्वस्थ असताना थरथरतो आणि काही उचलताच शांत होतो. अक्षर बारीक होते, आवाज खोल जातो. हा कंपवात. सरांनी शेवटी त्या गृहस्थांना विचारले, "बाबा, एवढे रागावलात का आमच्यावर?" ते म्हणाले, "मी त हासूनच राहिलो जी साहेब. थोबाडच आयकत नाही."

वर्ग हसला. मी वही मिटली आणि महालाचा रस्ता धरला.

घरात इंदूची ट्रंक दाराशी होती. सकाळी ती दोन्ही मुलींना घेऊन कुहीला जाणार होती, आणि परत येण्याचे काही बोलत नव्हती. मी मामीचे मनगट हातात घेऊन वाकवले. ते दात्यांच्या चाकासारखे अडत अडत वाकले. मग इंदूचा हात धरून त्याच मनगटावर ठेवला. "अडते ना? तसाच चेहराही अडला आहे."

"म्हंजे ह्या माह्यावर रागावल्या नाहीत?"

मामीचा आवाज इतका खोल गेला होता की आम्हा दोघींना वाकावे लागले. "रागावली असती त तोंडानं सांगतलं नसतं काय? तुले माझी सवय मालूम नाही?" मग माझ्याकडे डोळे वळवून म्हणाली, "तू पहिली आली, मी देवापुढे साखर ठेवली. तू त थांबलीच नाही..."

इंदूने ट्रंक स्वतःच आत ओढत नेली.

निदानाने रोग हटला नाही, हे इथे लिहिलेच पाहिजे. धोत्र्याच्या अर्काने ताठरपणा थोडा सैलावला, चालणे मात्र आखडत गेले. दर रविवारी मी पट्टी घेऊन उंबऱ्याशी बसे आणि ठिपक्यांतले अंतर वहीत टिपे: एक इंच, पाऊण इंच, गेल्या दिवाळीला अर्धा. "मोजल्यानं वाढते काय वं?" मामी विचारी, आणि ती हसते आहे हे आम्हाला आता ठाऊक असे. शेवटी घास नीट उतरेनासा झाला, छातीत कफ भरला आणि चार दिवसांत सारे आटोपले.

सुतक फिटल्यावर, २३ जानेवारीला सकाळी सहा वाजता मी महालात गेले. इंदू उंबऱ्यापुढे बसून रांगोळी घालत होती, थोरली मुलगी शेजारी. बोटे लांबसडक, हात निरोगी. तरी ठिपके दाटीने पडत होते.

"मोठी काढ ना," मी म्हटले.

"मले त्यांनी याच मापानं शिकवली, ताई," ती मान वर न करता म्हणाली.

मी पट्टी लावली. वहीत तारीख लिहिली, वेळ लिहिली, आणि पुढे: अर्धा इंच.