ज्यूनोचं मिटलेलं तोंड

एनॉक बर्लिंगम आमच्या मागच्या खोलीत राहायला आला, तो गाढवाच्या गाडीतून चार साहेब घेऊन. चौघांनाही डोकी नव्हती. निळे कोट, रेशमी मोजे, कमरेवर ठेवलेले हात हे सगळं थंडीच्या सुरुवातीलाच नॉरिचला बसून रंगवलेलं. मानेच्या वर नुसतं करडं कॅनव्हास. गिऱ्हाईक मिळालं की त्याचा चेहरा वर बसवायचा, ही या फिरत्या चित्रकारांची रीत. मी दारातच थबकले, तर म्हणाला, "घाबरू नका, मालकीणबाई. डोकं नाही म्हणून साहेबांचं कधी काही अडलेलं नाही."

चाळिशीचा विधुर. बाप बग्ग्यांची दारं रंगवायचा, हा खानावळींच्या पाट्यांवर शिकला. स्तोत्रं बेसूर म्हणायचा, पण प्रार्थना चुकवायचा नाही. आणि तहान म्हणजे काय! घरच्या पातळ बिअरचा अख्खा जग एका दमात रिकामा करून ओठ पुसायचा.

जमीनदार कॉर्बल्डसाहेबांनी सर्वांत निळा कोट पसंत केला. माझा चेहरा कसाही जमव, पण ज्यूनो चुकता कामा नये, असं त्यांनी बजावलं. ज्यूनो त्यांची शिकारी कुत्री. तिला समोर बसवून तीन आठवडे काम चाललं. राखेच्या बुधवारी ईस्टरआधीचे उपवास सुरू होतात, त्याच्या आदल्या दिवशी मी पॅनकेक उलटत होते, तेव्हा एनॉक उजव्या हाताला फडकं गुंडाळून घरी आला. ज्यूनोनं अंगठा धरला होता.

तो तसाच समुद्रकाठच्या क्रोमरला निघाला होता. आमच्याकडे कुत्रं चावलं की पिसाळ लागू नये म्हणून नऊ दिवसांच्या आत समुद्रावर जातात, आणि जीव घुसमटेपर्यंत बुडवून घेतात. समुद्र दहा मैलांवर.

मी त्याला थांबवलं. माझा धाकटा भाऊ जेकब साहेबांची कुत्री सांभाळतो. ज्यूनो सहा आठवड्यांची असताना त्यानं तिच्या जिभेखालचा किडा चाकूनं काढला होता, आणि पिल्लू मी मांडीवर घट्ट धरलं होतं. किडा काढलेलं कुत्रं पिसाळत नाही, हे इथं पोराटोरांना ठाऊक आहे. तसं मी त्याला शपथेवर सांगितलं.

"तुमच्या मांडीवर काढला म्हणता, मग झालं तर," तो म्हणाला, आणि पॅनकेक खायला बसला.

दुसऱ्या दिवसापासून ज्यूनो आजारी आहे म्हणून तिला समोर बसवणं बंद झालं. बाराव्या दिवशी कळलं की ती घोड्याची लाथ लागून मेली. जेकबनं हे माझ्या स्वयंपाकघरात सांगितलं, पण सांगताना बघत होता पावाकडे.

त्या संध्याकाळी एनॉकनं मला चित्र दाखवलं. साहेबांच्या निळ्या कोटाला टेकून ज्यूनो बसली होती. जबडा लोंबलेला, लाळेची तार पार पंज्यापर्यंत.

"चावली त्या मंगळवारी अशी दिसत होती," तो म्हणाला. "मी दिसतं तेच काढतो. साहेब म्हणतात, तोंड मिटव."

आणखी एक हुकूम होता: चावल्याचं बाहेर बोलायचं नाही. गावात कुजबुज झाली असती तर साहेबांची सगळी कुत्री फासावर लटकवावी लागली असती. मी म्हटलं, आता तरी क्रोमरला जा. तो हसला. नऊ दिवस होऊन गेले, म्हणाला, आता समुद्र ओळख देणार नाही. एका सकाळीत त्यानं ते तोंड मिटवून टाकलं.

मी जेकबला गाठलं. किडा पुरा निघाला होता ना, एवढंच विचारलं.

"निघाला होता, आक्का. पांढरा, दोऱ्यासारखा. तूच पाहिलास."

पाहिला होता खरा.

उपवासाचे आठवडे सरले. साहेबांचा चेहरा भरून झाला, चांगला झाला. शेवटच्या आठवड्यात एनॉक अंगठ्याचा भरलेला वण सारखा चोळायचा. मुंग्या येतात म्हणायचा. माझ्या रोजच्या नोंदींच्या वहीत गुरुवारच्या पानावर एकच ओळ आहे: आज बिअरचा जग भरलेला परत आला. त्यानं दाढ दुखते म्हणून सांगितलं. गुड फ्रायडेच्या दिवशी तोंड धुवायचं पाणी खोलीबाहेर न्यायला लावलं. मी दोन्ही दिवस गुडघे टेकून प्रार्थना केली, आणि त्याला ईस्टरच्या प्रभुभोजनाला माझ्याबरोबर चल म्हटलं. प्रभूच्या प्याल्यापेक्षा मोठं औषध मला माहीत नव्हतं.

तो आला. चर्चमध्ये वेदीपुढच्या कठड्यापाशी माझ्या शेजारी गुडघे टेकले. भाकर कशीबशी गिळली. मग पाळकसाहेबांनी प्याला पुढे केला, आतला द्राक्षारस हलला, आणि एनॉकचा गळा आपोआप आवळला गेला. त्यानं मान मागे टाकली, चावा घेतलेल्या त्याच हातानं प्याला ढकलला, आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. द्राक्षारस माझ्या बाहीवर सांडला. मागे कुणीतरी पुटपुटलं, माजलाय चित्रकार.

कॉर्बल्डसाहेब पहिल्या बाकावर होते. ते वळले नाहीत.

जेकब मात्र उठला. कुत्र्यांच्या कोठीत शिरताना तो जसा दबकत चालतो, तसा मधल्या वाटेनं पुढे आला.

"आक्का," तो अगदी हळू म्हणाला, "त्याच्यापासून बाजूला हो."

मी एनॉकचा हात धरला होता, तो सोडला नाही. त्याच्या ओठांवरून लाळेची तार खाली उतरत होती, आणि ती मी आधी पाहिलेली होती.